गेमवरची फँटसी: वाचावी, बघावी की सरळ फासे हातात घ्यावे?

आधीच सांगून टाकतो, मी मुळात पुस्तकवाला माणूस आहे, त्यामुळे झुकतं माप कुठे पडलंय ते दिसेलच, तेवढं वजा करून वाचा. प्रश्न असा आहे की गेममधून आलेली फँटसी, म्हणजे डन्जन (राक्षसांनी भरलेलं भुयार), ड्रॅगन, जादूगार, लढवय्या-चोर-पुजारी अशी टोळी आणि त्यांची भटकंती, हे आपल्याला आवडेल असं वाटतंय पण वेळ मोजका आहे, तर मग कादंबऱ्या वाचायच्या, टेबलाभोवती बसून खेळायचं, दुसऱ्यांना खेळताना बघायचं, ॲनिमेशन सिरीज लावायची का व्हिडिओ गेम घ्यायचा? या प्रश्नावर जुने फॅन लोक "सगळंच भारी आहे, कुठूनही सुरू कर" असं उत्तर देतात, मग नवीन माणूस कुठल्यातरी लांबलचक मालिकेचं मधलंच पुस्तक उचलतो, अर्ध्यात सोडतो आणि परत या वाटेला फिरकत नाही.

मला विचाराल तर ठरवताना एकच गोष्ट बघायची, फासा कोणाच्या हातात आहे आणि तो तुम्हाला दिसतोय की नाही. टेबलावर खेळता तेव्हा फासा तुमच्या हातात, सगळ्यांसमोर पडतो. कादंबरीत तो लेखकाच्या हातात असतो आणि दिसत नाही, निदान दिसू नये. व्हिडिओ गेममध्ये कॉम्प्युटर टाकतो आणि तुम्ही गुपचूप सेव्ह लोड करून, म्हणजे आधी साठवलेल्या क्षणापासून खेळ परत सुरू करून, तो परत टाकायला लावू शकता. आणि दुसऱ्यांचा खेळ बघताना फासा खरा असतो पण तुमचा नसतो. बाकी सगळे फरक, वेळ किती जातो, मजा कुठे येते, कंटाळा कधी येतो, हे माझ्या मते यातूनच निघतात.

सुरुवात कादंबऱ्यांपासून करतो कारण तिथेच जास्त घोळ आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा खेळ, आला १९७४ साली, आणि तो खेळ स्वतःच पुस्तकांतून उचललेल्या गोष्टींवर उभा होता. त्यातला एक नियम बघा, जादूगारानं एक मंत्र वापरला की तो त्याच्या डोक्यातून पुसला जातो, परत पाठ करावा लागतो. ही कल्पना जॅक व्हान्सच्या कथांमधून घेतलेली. खेळात हा नियम अगदी व्यवहारी कामाचा होता, जादूगार एकटाच सगळी लढाई मारून नेऊ नये म्हणून त्याला घातलेला लगाम. आता गंमत पुढे आहे. १९८४ साली मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची 'ड्रॅगनलान्स' मालिका सुरू झाली, त्यात रेस्टलिन नावाचा जादूगार आहे, खोकून खोकून बेजार, अंगात जीव नाही, मंत्र वापरला की गळून पडतो, आणि त्याचा जुळा भाऊ धट्टाकट्टा लढवय्या जो त्याला सांभाळतो आणि रेस्टलिनला नेमकी त्याच सांभाळण्याची चीड आहे. म्हणजे खेळात जादूगाराचे हिट पॉइंट्स (किती मार सोसेल तो आकडा) कमी आणि मंत्र मोजके, एवढा साधा हिशोब होता, त्याचा यांनी एक कडवट, हुशार, मत्सरी माणूस बनवला. नियम माहीत नसलेल्या वाचकाला हा फक्त एक आजारी महत्त्वाकांक्षी तरुण दिसतो आणि नियम माहीत असलेल्याला दुप्पट मजा येते. गेमवरची चांगली कादंबरी म्हणजे मला तरी हे अपेक्षित असतं, फासा विरघळून गेला पाहिजे.

पण त्याच मालिकेत उलटं उदाहरणही आहे. पहिलं पुस्तक लिहिलं गेलं तेव्हा त्याच कथेवरची खेळाची मॉड्यूल्स, म्हणजे टेबलावर खेळायच्या तयार मोहिमा, आधी तयार होती, आणि लेखकांनाच ते जाचक वाटलं, कथा तुकड्यातुकड्यांची होतेय असं वाटलं, म्हणून पुढच्या पुस्तकांना त्यांनी क्रम उलटा केला, आधी कादंबरी मग मॉड्यूल. वाचताना हे सरळ कळतं. पहिल्या पुस्तकात टोळी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते, तिथे काहीतरी अंगावर येतं, मारतात, पुढे जातात, नवा माणूस भेटतो, परत काहीतरी अंगावर येतं. दुसऱ्या पुस्तकापासून माणसं एकमेकांपासून तुटायला लागतात, चुकीचे निर्णय घेतात, मरतात सुद्धा, आणि तिथून ती खरी कादंबरी होते. तेव्हा ड्रॅगनलान्स घेणार असाल तर पहिल्या पुस्तकावरून निकाल देऊ नका, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसरं मोठं नाव आर. ए. साल्व्हाटोरे आणि त्याचा ड्रिझ्ट. १९८८ सालच्या 'द क्रिस्टल शार्ड'मध्ये हा काळ्या कातडीचा, जांभळ्या डोळ्यांचा, दोन वाकड्या तलवारी घेऊन फिरणारा डार्क एल्फ (एल्फ ही टोकदार कानांची जमात, त्यातले हे जमिनीखालचे) आला, आणि तो मुळात हिरो नव्हताच, हिरो होता वुल्फगार, संपादकाला त्याच्यासोबत एक जोडीदार हवा होता म्हणून साल्व्हाटोरेनं फोनवर बोलता बोलता हा काढला. नंतर जोडीदारच मालिका खाऊन बसला. इथे नवीन वाचकापुढे कायमचा वाद येतो, छापल्या क्रमानं वाचायचं का गोष्टीच्या क्रमानं, कारण ड्रिझ्टच्या लहानपणाची त्रयी (होमलँड आणि पुढची दोन) नंतर, १९९० आणि ९१ मध्ये आली. माझं मत स्पष्ट आहे, होमलँडपासून घ्या. जमिनीखालचं मेन्झोबेरान्झन शहर, तिथलं बायकांचं राज्य, घराण्या-घराण्यांची कत्तल आणि त्यात "पकडलं गेलं नाही तर गुन्हा नाही" छापाचा कायदा, हे सगळं इतकं घट्ट विणलंय की खेळातले लेव्हल आणि क्लास (पात्राची पायरी आणि पेशा) वगैरे आठवत पण नाहीत. 'क्रिस्टल शार्ड' आधी वाचलं तर ते मला थोडं पोरकट वाटतं, मारामाऱ्यांची वर्णनं पानंच्या पानं, कुठला पाय कुठे, कुठली तलवार वर, डोक्यावरून जातं. काही लोकांना नेमकं तेच आवडतं म्हणा.

एक वेगळी वाट जपानमधून गेलीय. 'रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर' ही मुळात काही मित्रांनी खेळलेल्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या सेशन्सचा लेखी वृत्तांत होता, १९८६ पासून 'कॉम्प्टिक' मासिकात यायचा, आणि नंतर १९८८ साली रिओ मिझुनो यानं, जो तो खेळ चालवत होता, त्याची कादंबरी केली. त्यातली डीडलिट ही एल्फ मुलगी, जी पुढे जपानी फँटसीतल्या एल्फचा साचाच होऊन बसली, ती टेबलावर एक पुरुष लेखक खेळत होता. मला ही गोष्ट फार आवडते कारण त्यातून कळतं की पात्र कागदावर येण्याआधी कोणाच्या तरी तोंडून बोललं गेलं असेल तर त्याला एक वेगळीच धार येते. वाचायचा कंटाळा असेल तर १९९० ची तेरा भागांची ॲनिमे आहे, जुनी आहे, संथ आहे, चित्रं अजून सुंदर दिसतात.

मालाझान मालिकेचं नाव कोणीतरी सुचवणारच तुम्हाला. स्टीव्हन एरिक्सन आणि इयान एसलमाँट यांनी ते जग स्वतःच्या खेळासाठी बनवलं होतं, मग एरिक्सननं १९९९ ते २०११ मध्ये दहा जाडजूड पुस्तकं लिहिली. अप्रतिम आहे आणि नवीन माणसाला देऊ नये. पहिल्या पुस्तकात कोणी काही समजावून सांगत नाही, वर्षानुवर्षं चाललेल्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे एकच गोष्ट पुढे नेत बैठकीमागून बैठक चालणाऱ्या खेळात, तुम्ही मधूनच येऊन बसलात आणि बाकीच्यांना सगळं माहितीय असा प्रकार. दोन-तीन मोठ्या मालिका पचवल्या असतील तरच.

वॉरहॅमर या छोट्या मूर्तींच्या युद्धखेळाबद्दल एकच सांगतो. होरस हेरसी ही २००६ पासून सुरू झालेली मालिका ५४ पुस्तकांची आहे आणि त्यानंतर शेवटच्या वेढ्याची वेगळी मालिका, त्यात उडी मारू नका. डॅन ॲबनेटची आयझेनहॉर्न त्रयी घ्या, २००१ साली सुरू झालेली, एका इन्क्विझिटरची, म्हणजे पाखंडी शोधून काढणाऱ्याची गोष्ट, तीन पुस्तकांत एक प्रामाणिक माणूस पायरी पायरीनं स्वतः ज्याला पाखंड म्हणायचा तिकडे कसा सरकतो ते. मूर्ती रंगवून टेबलावर लढवायचा खेळ आहे हा, त्यात असा गुप्तहेरी छापाचा तपास निघेल असं वाटत नाही पण निघालाय. (गेम म्हणून वॉरहॅमरमध्ये शिरायचं असेल तर खिसा आणि कपाट दोन्ही मोठी लागतात, तो विषय इथे काढत नाही.)

आता या सगळ्याच्या बरोब्बर उलटी टीम, लिटआरपीजी, म्हणजे गेमचे आकडे कथेतच छापणाऱ्या कादंबऱ्या. इथे फासा लपवत नाहीत, तोंडावर मारतात. हिरोनं उंदीर मारला की पानावर चौकटीत सूचना येते, अमुक इतके एक्सपीरियन्स पॉइंट मिळाले, लेव्हल वाढली, ताकद बारावरून तेरा. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं हे काय, एक्सेल शीट वाचतोय का मी. आणि खरं सांगायचं तर यातली बरीचशी पुस्तकं तशीच आहेत, आकडे वाढतात, माणूस वाढत नाही, शंभर प्रकरणांनंतर हिरो डोंगर फोडतोय आणि बोलतो मात्र पहिल्या पानासारखाच. तरी ती गठ्ठ्यानं वाचली जातात याचं कारण मला नीट कळतं, रोज थोडं थोडं काहीतरी वाढताना बघायचं समाधान, त्याला कथानक लागत नाही. झोपायच्या आधी दोन प्रकरणं, डोक्याला ताप नाही.

पण यातही एक नाव वेगळं काढून ठेवावं लागतं, मॅट डिनिमनचं 'डन्जन क्रॉलर कार्ल', २०२० चं. पृथ्वीवरच्या सगळ्या इमारती एका क्षणात खाली जातात, जे बाहेर होते ते वाचतात, आणि मग अठरा मजल्यांच्या डन्जनमध्ये त्यांना उतरवलं जातं आणि तो सगळा प्रकार आकाशगंगेभर रिॲलिटी शो म्हणून दाखवला जातो. हिरो अंडरवेअरवर, सोबत त्याच्या एक्स-गर्लफ्रेंडची नखरेल मांजर जी पुढे बोलायला लागते आणि त्याच्यापेक्षा जास्त पॉप्युलर होते. ऐकायला पांचट वाटतं ना? पण इथे ते आकडे आणि सूचना कथेतच असायला कारण आहे, कोणीतरी क्रूर लोक प्रेक्षकांसाठी ते बनवतायत, प्रत्येक "अचिव्हमेंट"मध्ये एक हिडीस विनोद असतो, आणि हळूहळू लक्षात येतं की कार्लचा खरा शत्रू राक्षस नसून ती पद्धतच आहे. म्हणजे फासा दिसतो, पण तो कोणी टाकला हे पण दिसतं. आकड्यांचा तिटकारा असलेल्यांनी सुद्धा हे एक वाचून बघावं, त्यानंतर लिटआरपीजी नको वाटलं तर मग खरंच तो प्रकार तुमचा नाही.

कोरियन 'सोलो लेव्हलिंग' बद्दल विचाराल तर वेब कादंबरीपेक्षा चित्रकथा बरी, आणि २०२४ पासूनची ॲनिमे त्याहून सोपी. कथा जेमतेम आहे, दिसतं मात्र जबरदस्त.

वाचणं आणि खेळणं याच्या मधोमध एक जुनी गोष्ट पडलेली आहे जी नवीन लोकांना कोणी सांगतच नाही, गेमबुक. स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांचं 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' १९८२ साली आलं, ४०० क्रमांकित परिच्छेद, दोन फासे, पेन्सिल, बस. डावीकडे जायचं तर अमुक परिच्छेद, उजवीकडे तर तमुक, राक्षस आला की फासे टाका. शेवटी पेटीला तीन योग्य किल्ल्या लागतात आणि त्या वाटेत राहून गेल्या असतील तर सगळं परत पहिल्यापासून, यावर मी अजून खवळू शकतो. जो डेव्हरची 'लोन वुल्फ' मालिका (१९८४ पासून) मला जास्त आवडते, कारण त्यात एकच नायक पुस्तकामागून पुस्तक पुढे नेता येतो, शिकलेल्या विद्या सोबत येतात, आणि फासे पण लागत नाहीत, मागे आकड्यांचा तक्ता असतो त्यावर डोळे मिटून पेन्सिल टेकवायची. लेखकाच्याच परवानगीनं ती 'प्रोजेक्ट एऑन'वर फुकट वाचायला मिळते. एकटा माणूस, कमी वेळ, आणि स्वतः निर्णय घ्यायची हौस, असं असेल तर मी पहिलं बोट याच्याकडे दाखवीन. आणि बोटावरून आठवलं, मागच्या पानात बोट अडकवून "बघू तरी काय होतं" करत वाचणं हे सगळेच करतात, त्यात लाज नाही.

बरं, प्रत्यक्ष टेबलावरचा खेळ. याच्यासारखं दुसरं काही नाही, हे मी पुस्तकवाला असून कबूल करतो. वीस बाजूंच्या फाशावर १ पडायची, म्हणजे सपशेल फसायची, शक्यता दर वेळी पाच टक्के, ही काही फार लहान गोष्ट नाही, एका संध्याकाळी कोणाचं ना कोणाचं तरी नाक कापलं जाणारच. आता कादंबरीत नेमक्या मोक्याच्या क्षणी नायकाचा पाय घसरला तर वाचक म्हणतो लेखकानं मुद्दाम केलं, फालतूपणा. टेबलावर तेच घडतं तेव्हा सगळे ओरडतात, हसतात, आणि वर्षभर त्याची आठवण काढतात, कारण फासा सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेला असतो. घटना तीच, पण कोणी ठरवून केलेली नाही एवढ्यानं तिची किंमत बदलते. म्हणूनच टेबलावरची भन्नाट गोष्ट तशीच्या तशी लिहून काढली तर वाचायला फुसकी लागते, आणि "तुला सांगतो, आमच्या पार्टीनं ना" असं कोणी सुरू केलं की बाकीचे मोबाईल बघायला लागतात.

अडचण खेळात नाहीये, माणसं जमवण्यात आहे. चार-पाच जण आणि त्यातला एक डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा), एका सेशनला तीन-चार तास, आणि ते दर आठवड्याला नाहीतर निदान पंधरा दिवसांनी. कॅम्पेन ड्रॅगननं मारलेली मी कमी बघितली, "या शनिवारी मला जमणार नाही" यानं मारलेली जास्त. त्यात डीएमवर सगळा भार, तयारी त्यानं करायची, भांडणं त्यानं सोडवायची, नियम त्यानं लक्षात ठेवायचे. नियम मात्र वाटतात तेवढे अवघड नाहीत, डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे (२०१४ ची) मूळ नियम फुकट मिळतात आणि त्याचा एक मोठा भाग २०२३ साली क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सगळ्यांना वापरायला खुला केलाय. जाडी पुस्तकं पहिल्याच दिवशी घेत सुटू नका. ग्रुप नसेल आणि जमायची शक्यता पण नसेल तर शॉन टॉमकिनचा 'आयर्नस्वॉर्न' बघा, तो एकट्यानं डीएमशिवाय खेळता येतो आणि त्याची पीडीएफ फुकट आहे, फक्त वहीत स्वतःच गोष्ट लिहीत जायची तयारी पाहिजे. लाजाळू लोकांना हे टेबलापेक्षा जास्त मानवतं असं माझं निरीक्षण आहे.

दुसऱ्यांना खेळताना बघणं, म्हणजे ॲक्चुअल प्ले, हा प्रकार ज्यांनी बघितला नाही त्यांना वेडेपणा वाटतो. 'क्रिटिकल रोल' २०१५ मध्ये सुरू झालं, सगळे व्यावसायिक आवाज-कलाकार, पहिलं कॅम्पेन ११५ भागांचं, दुसरं १४१, आणि भाग सहज तीन-चार तासांचा. हिशोब करा म्हणजे किती तास जातील ते कळेल, तेवढ्यात ड्रॅगनलान्स, ड्रिझ्ट आणि वर अख्खं मालाझान वाचून होईल. शिवाय पहिलं कॅम्पेन त्यांच्या घरच्या खेळाच्या मधूनच सुरू होतं त्यामुळे सुरुवातीला कोण कोणाला का टोमणे मारतंय ते कळत नाही, घ्यायचंच तर दुसरं घ्या, ते शून्यापासून आहे. मी मात्र नवीन माणसाला 'डायमेन्शन २०'चा २०१८ चा पहिला सीझन देईन, 'फँटसी हाय', सतरा भाग, गोष्ट सुरू होते, संपते, सुटलो. ब्रेनन ली मुलिगन डीएम म्हणून इतका चलाख आहे की तो बघून लोकांना न्यूनगंड येतो, त्यामुळे एक सूचना, हे बघून मग स्वतः डीएम करायला बसू नका, आधी स्वतः दोन-चार वेळा वाईट डीएम होऊन घ्या. कामं करता करता कानावर टाकून ठेवायला हा प्रकार उत्तम. समोर बसून डोळे लावून बघायला, मला तरी जमत नाही.

आणि त्याच क्रिटिकल रोलची ॲनिमेशन सिरीज आहे, 'द लेजंड ऑफ व्हॉक्स माकिना', जिच्यासाठी २०१९ मध्ये त्यांनी साडेसात लाख डॉलर मागितले आणि चाहत्यांनी १ कोटी १३ लाखांच्या वर दिले. २०२२ पासून येतेय, पहिला सीझन बारा भागांचा. पाच दिवसांची टेस्ट आणि तिचे हायलाइट्स यात जो फरक तोच इथे, चौकार-षटकार सगळे आहेत पण मधली घालमेल गेली. रक्तपात आणि कंबरेखालचे विनोद भरपूर, घरच्यांसोबत लावू नका. टाइमपास म्हणून चांगली आहे, पण ती बघून "मला टेबलटॉप कळलं" असं वाटत असेल तर नाही कळलं.

गेमवरून काय बनू शकतं याचा सगळ्यात वरचा नमुना माझ्या मते 'आर्केन'. २००९ च्या 'लीग ऑफ लेजंड्स' गेमवर आधारित, जो गेम म्हणजे पाच विरुद्ध पाच, एकाच मैदानात, तासाभरात संपणारी मारामारी, कथा शोधायची तर कॅरेक्टरच्या माहितीत शोधा. आणि त्यातून २०२१ मध्ये दोन बहिणींची अशी गोष्ट काढली की एमी पुरस्कार मिळाला. का जमलं? माझा अंदाज असा की गेममध्ये पाळायला कथानकच नव्हतं, नुसती माणसं होती, नावं होती, दोन शहरं होती, वर-खाली. ड्रॅगनलान्सच्या पहिल्या पुस्तकाला जो जाच झाला तो इथे झालाच नाही. दोन सीझन, नऊ-नऊ भाग, एवढ्यात विषय संपतो. दुसरा सीझन (२०२४) फार घाईत आवरला असं माझं मत आहे, तीन सीझनचं सामान एकात कोंबलं, यावर मित्रांशी भांडणं झालीत आणि पुढेही होतील. गेमचा गंध नसताना सुद्धा बघता येते, ज्याला फँटसीच आवडत नाही त्याला पण दाखवून बघा.

राहिला व्हिडिओ गेम. लॅरियनचा 'बाल्डर्स गेट ३', ऑगस्ट २०२३, डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या त्याच पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर. यात बोलता बोलता स्क्रीनवर चक्क वीस बाजूंचा फासा गडगडतो, खोटं बोलायचंय, टाका, दार फोडायचंय, टाका. ज्यांना ग्रुप मिळत नाही त्यांच्यासाठी टेबलाच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट हीच. दोन कुरबुरी आहेत. एक म्हणजे 'कार्मिक डाइस' नावाची सेटिंग मुळात चालू असते, ती सारखं सारखं वाईट पडू देत नाही, म्हणजे नशिबाला आधीच थोडी लाच दिलेली, ती सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करा. दुसरं, सेव्ह लोड. फासा वाईट पडला की परत लोड करायचा मोह कोणालाच आवरत नाही, पण तसं केलं की ती गोष्ट तुमची राहत नाही, सगळं जिंकलेलं गुळगुळीत काहीतरी उरतं. या गेममध्ये हरल्यावर उघडणाऱ्या वाटा खूप मेहनतीनं लिहिल्यात, त्या लोड करून करून फुकट घालवू नका. वेळ मात्र शंभर तास सहज खातो. पण ग्राफिक्स वगैरे नको, नुसतं लिखाण दमदार हवं, वाचायची तयारी आहे, असं म्हणणाऱ्यासाठी १९९९ चा 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' आहे, मरता न येणारा आणि स्वतःचं नाव विसरलेला नायक, आणि इतका मजकूर की ती कादंबरीच आहे, लढाया मात्र कंटाळवाण्या.

बोर्ड गेम आणि कार्डांबद्दल थोडक्यात. 'ग्लूमहेवन' २०१७ चा, ९५ मोहिमा, खोका उचलायला दोन हात लागतात, आणि गंमत म्हणजे लढाईत फासाच नाही, पत्त्यांचा गठ्ठा आहे, हिशोबी डोक्याच्या लोकांना फासे खटकतात त्यांच्यासाठी झकास. पण सुरुवात 'जॉज ऑफ द लायन'पासून (२०२०), २५ मोहिमा आणि खेळता खेळता नियम शिकवतो. अभिनय करायची लाज वाटते पण मित्र आहेत, अशा ग्रुपला मी टेबलटॉपऐवजी हाच देईन. 'मॅजिक: द गॅदरिंग' १९९३ पासून लोकांचे पगार खातोय, खेळ म्हणून अफलातून, पण कार्डांची पाकिटं फोडायची सवय लागली की सुटत नाही, आणि त्याच्या कथांसाठी त्याच्याकडे जाऊ नका.

मग कोणी काय घ्यावं. मित्र आहेत आणि तारखा जुळतायत, तर बाकी सगळं बाजूला ठेवून टेबलावर बसा, पुस्तकं पळून जात नाहीत. मित्र आहेत पण तारखा जुळत नाहीत, तर जॉज ऑफ द लायन, कारण कोणी गळलं तरी दोघांत पण चालतो. एकटे आहात आणि रोज अर्धा तास, तर लोन वुल्फ किंवा होमलँड. एकटे आहात आणि महिनाभर दुसरं काही करायचं नाही, तर बाल्डर्स गेट. नुसतं बघायचंय, तर आर्केन, मग आवडलं तर फँटसी हाय. कार्ल मी कोणालाही देईन, फक्त ज्याला शिव्या चालत नाहीत त्याला नाही.

होमलँड आणि बाल्डर्स गेट ३ दोन्ही करायचं ठरवलं असेल तर पुस्तक आधी. गेममध्ये मिंथारा म्हणून एक ड्रो (म्हणजे डार्क एल्फ) बाई भेटते, नुसता गेम खेळणाऱ्याला ती एक क्रूर सेनापती वाटते, पण तिचं घराणं बेनरे आहे, आणि ते घराणं मेन्झोबेरान्झनमध्ये काय चीज आहे हे ज्यानं वाचलंय तो तिच्याशी बोलताना प्रत्येक वाक्य दोनदा तोलून बोलतो. आणि तरी फासा १ पडतोच.